एकाच नावाची चार गावं

आयर्लंडमध्ये एनिसला आल्यावर मला काम नव्हतं. नवरा इस्पितळात डॉक्टर. मी पुण्यातल्या वृत्तपत्राची उपसंपादक, आता त्याच्या व्हिसावर आलेली बायको. अमेरिकेतून लोक पूर्वजांचा शोध घ्यायला इथल्या क्लेअर जिल्ह्यात येतात. त्यांच्यासाठी जुन्या नोंदी शोधून देण्याचं काम मी घरून सुरू केलं. बहुतेकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात देश सोडून गेलेले असतात, त्यामुळे काही ना काही सापडतं.

२०१० साली आलेल्या गृहस्थांचा पूर्वज दुष्काळाच्याही कितीतरी आधी गेला होता. अमेरिकेवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जहाजाचं भाडं नव्हतं, म्हणून त्याने काही वर्षांसाठी स्वतःला नोकर म्हणून बांधून घेतलं होतं. त्याच्या गावाचं नाव तेवढं घराण्यात तोंडोतोंडी टिकलं होतं. त्या काळच्या गरिबांच्या नोंदी इथे जवळजवळ नाहीत आणि त्या नावाची जिल्ह्यात चार गावं आहेत, हे मी त्यांना आधीच कळवलं होतं. तरी ते आले.

कारण मोटारीत बसताना कळलं. मागच्या सीटवर एक लाकडी पेटी होती, तिला सीटचा पट्टा लावलेला. आत त्यांच्या मुलाची रक्षा होती. एकुलता एक, अविवाहित, आजाराने गेलेला. घराणं आता माझ्यापाशी संपतं, ते म्हणाले. जिथून निघालं तिथे त्याला ठेवायचं आहे.

गाव म्हणजे इथे पाच-सहा घरं आणि कुरणं. पहिल्या गावात कोणी भेटलं नाही. दुसऱ्यात एका बाईंनी चहा दिला. गृहस्थांचं आडनाव तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. तिसऱ्यात बिल्डरने अर्धवट सोडलेली घरं होती: डांबरी रस्ता, दिव्यांचे खांब, बिनछपराच्या भिंती. चौथ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पडक्या दगडी घराकडे बोट केलं आणि जागा हीच, असं सांगितलं. गृहस्थ तिकडे चालत गेले. कशावरून, असं मी शेतकऱ्याला विचारलं.

"तुम्ही काय पोलीस आहात?" तो म्हणाला. "होय म्हणा की. माणूस एवढ्या लांबून आलाय, माझ्या गवताचं काय जातंय?"

गृहस्थ परत आले. "तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

एकाच्याच सांगण्यावरून बातमी छापायची नाही, ही माझी शिकवण. इथे तर त्या एकालाही खात्री नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. शेतकरी दुसरीकडे पाहू लागला. पेटी गाडीतून उतरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॅननच्या विमानतळाकडे जाताना ते निरोप घ्यायला घरी थांबले. पितृपक्ष होता. साताऱ्याहून आलेले सासरे मागच्या अंगणात तर्पणाला बसले होते. आदल्या दिवसाची हकीगत मी त्यांना सांगितलेली होती.

"त्यांचं गोत्र विचार," सासरे म्हणाले.

गोत्र म्हणजे काय, ते मला इंग्रजीत नीट सांगता येईना.

"राहू दे. माहीत नसलं की काश्यप म्हणायचं."

"आणि गाव, बाबा?"

"गाव कशाला? संकल्पात आपण बसलोय ती जागा सांगायची, सूनबाई. कुठनं आलो ते कोण विचारतंय?"

मी तसं सांगितलं, तर्पण म्हणजे काय तेही.  गृहस्थांनी विचारलं, हे मुलाने बापासाठी करायचं असतं ना?

"मुलानंच," सासरे म्हणाले. "त्यांना सांग, माझ्या थोरल्या मुलाचंही मीच करतो."

मी सांगितलं. गृहस्थ गवतात गुडघ्यांवर बसले. सासऱ्यांनी त्यांच्या तळव्यावर काळे तीळ ठेवले, पाणी घातलं आणि हात अंगठ्याच्या बाजूला कलता करून दिला. मुलाचं नाव त्या दोन दिवसांत गृहस्थांनी पहिल्यांदाच उच्चारलं. बरेचसे तीळ तळव्यालाच चिकटून राहिले.

उठताना ते म्हणाले, आपण असतो तीच जागा, म्हणजे त्याला घरीच न्यायला हवं. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "पण माझ्यानंतर तिथे कोण असेल?"

हे मी मराठीत सांगितलं नाही. सासऱ्यांनीही काय म्हणाले ते विचारलं नाही. ते गृहस्थांबरोबर गाडीपर्यंत गेले. पेटीचा पट्टा सैल झाला होता. आत वाकून सासऱ्यांनी तो घट्ट ओढला.