आठ मिलीमीटरचा शाफ्ट

लाल ऑइल पेंटचा वास आला की मला दौंडचं ते पत्र्याचं शेड आठवतं. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले आप्पा तिथं मुठीएवढं पेट्रोल इंजिन बनवत होते, आणि मी कामाला होतो त्या कारेगावच्या कारखान्याला सुट्टी असली की मी त्यांच्याकडं लेथवर कातकाम शिकायला जायचो. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यासाठी, त्यांनी कडक पोलादाची सळई आणली, ओळखू यावी म्हणून तिचं एक टोक लाल रंगवलं आणि मला बजावलं, "कापताना रंगाचं टोक राखून ठिव." मी गाढवानं घाईत नेमकं तेच टोक कापलं आणि उरलेली सळई साध्या लोखंडाच्या सळईशेजारी टेकवली. पुढच्या सुट्टीला दोन्ही सारख्याच काळ्या दिसल्या, तेव्हा अंदाजानं एक उचलून त्यांच्या हातात दिली. तिच्यातून आप्पांनी पंधरा दिवस खपून आठ मिलीमीटरचा शाफ्ट काढला. रेल्वेतले जुने सोबती बघायला जमले, इंजिन दोन मिनिटं फडफडलं आणि शाफ्ट वाकल्यानं जागीच अडकलं. "पोलाद तर तेच व्हतं ना रं?" आप्पांनी विचारलं. "व्हय आप्पा, तेच," मी म्हणालो. "मग माप माझंच चुकलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानंतर त्यांनी लेथला हात लावला नाही. वाकलेला शाफ्ट खिळ्याला टांगला आणि येईल त्याला दाखवून सांगत राहिले, "आठचा घिऊ नका, मी फसलोय." आता आप्पा नाहीत. परवा मी त्यांच्याच मापानं, कडक पोलादाचा आठचा शाफ्ट काढून त्या इंजिनात बसवला. इंजिन सुरळीत चालायला लागलं, आणि मला ते ऐकवेना.