मेलेल्या बॅटरीचं शिसं

लढाई संपल्यावर पलटणीचे ट्रक लिलावात निघाले. त्यातले चार आमच्या ठेकेदारानं उचलले आणि अहेरीच्या जंगलात सागवान ओढायला आणले. त्यातल्या एकावर मी ड्रायव्हर होतो. ट्रक मोठे इमानी. चिखल म्हणू नका, चढ म्हणू नका, कुठेही घाला. रडगाणं होतं ते फक्त बॅटरीचं.

पावसाळ्यात जंगलाचे रस्ते बंद. चार महिने ट्रक छपराखाली उभे राहायचे, आणि दसऱ्याला स्टार्टर दाबावा तर बॅटरी मेलेली. चांद्याहून नवी यायला महिना लागे. तोवर रोज संध्याकाळी ट्रक उतारावर लावायचा, चाकाखाली धोंडा द्यायचा, आणि सकाळी धोंडा काढून गाडी उतारावर सोडायची. चार पावलं गेली की इंजिन खोकत जागं व्हायचं. हा धोंडा काढायला म्हणून १९५२ साली डोमा आमच्याकडे लागला.

डोमा जातीचा ढिवर. प्राणहितेच्या काठी त्याचं घर. धोंडा काढायला ठेवलेला माणूस वर्षभरात बॅटऱ्यांचा वैद्य झाला. मीच शिकवलं त्याला, आणि ते मी छाती फुगवून सांगतही असे. पावसाचं पाणी कोऱ्या मडक्यात धरून ठेवायचं आणि बॅटरीत तेवढंच घालायचं, तारा जोडतात तिथली पांढरी बुरशी खरवडायची, बॅटरी ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायची. त्याच्या हाताखाली चारातल्या दोन बॅटऱ्या तरी पावसाळा काढायच्या. उरलेल्या मरायच्या आणि छपरामागच्या ढिगात पडायच्या.

एक दिवस तो म्हणाला, "बाबुलालभाऊ, त्या मेलेल्या बॅटऱ्या मले देता का जी?"

"काऊन? दिवस घालतं का त्यायचे?"

"आत शिसं हाय ना. जाळ्याले लावतो."

ढिवरांच्या जाळ्याला खालच्या कडेनं भाजलेल्या मातीचे मणी असतात. जाळं हळूहळू बसतं, तोवर अर्धे मासे निसटून जातात. शिसं लावलं तर जाळं फेकताक्षणी तळाशी जातं. मला त्याच्या डोक्याचं कौतुक वाटलं. तरी मी म्हटलं, "तेजाब असते त्याच्यात. सांभाळून कर बाप्पा."

"तेजाब खड्ड्यात ओततो, वरून चुना टाकतो. मंग काय उरलं? मेलेली चीज कोणाले चावते जी?"

हे बोलणं मला इतकं आवडलं की आठवडाभर मी ते डेपोत ज्याला त्याला ऐकवत फिरलो. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय!

शिशाचं काम त्याची बायको कुंता करायची. हसरी, हाताची चपळ. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं, एवढंच काय ते त्या घरात उणं होतं. भाताचं पातेलं उतरलं की त्याच चुलीवर ती लोखंडी तव्यात बॅटरीच्या पट्ट्या वितळवी, कोरड्या मातीत ओढलेल्या रेघांत शिसं ओती आणि निवल्यावर त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करी. एका हातात जाळ्याची दोरी ताणून धरलेली, दुसऱ्या हातात तुकडा दोरीभोवती वळवलेला. मग तो पक्का दाबायला उरले काय तर दात. ढिवरांच्या बायका दोरीची गाठ दातानंच आवळतात, तसंच हे. कुंतानं आवळलेलं शिसं कधी घसरत नाही, असा तिचा लौकिक झाला. तीन वर्षांत साऱ्या मोहल्ल्याची जाळी तिच्या दाताखालून गेली. पक्कड माझ्या सीटखाली पडलेली असायची. ती नेऊन द्यावी असं मला कधी सुचलं नाही.

तिच्या हिरड्यांवर काळसर रेघ उमटली. शेजारची ताराबाई चिडवायची, "मिश्रीचा नाद लागला व तुले!" कुंता नुसती हसायची. ती मिश्री लावत नव्हती.

शिशाच्या कामाच्या पहिल्याच वर्षी दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पोटात कळ उठली की ती गुडघे छातीशी घेऊन पडून राही. भगतानं सांगितलं, नदीमाय रुसली. दोघांनी नदीवर कोंबडं दिलं आणि पुन्हा चुलीवर तवा चढला. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डोमा मला म्हणाला, "भाऊ, या खेपेले तं राह्यलाच पाह्यजे." पाचवा महिना लागला तरी पोट टिकून होतं. तो कामावर गुणगुणू लागला होता.

होळीनंतर एका सकाळी तो डेपोत आला तो धापा टाकतच. "कुंताचे हात पडले, भाऊ. मनगटापासून लोंबून राह्यले. चांद्याले न्या जी."

आदल्याच दिवशी बॅटरी मेली होती. डोमानं स्वतः धोंडा काढला, गाडी उतारावरून सुटली आणि तो पळत येऊन चढला. चांद्यापर्यंत इंजिन बंद करायचं नव्हतं. दोघांच्या मधे बसलेली कुंता वाटेत दोनदा म्हणाली, "लेकरू हालते, जी." एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरनं अंगठ्यानं तिचा ओठ वर केला.

"मिश्री लावते का ही?"

"नाई जी," डोमा म्हणाला.

"काम काय करते?"

डोमानं सांगितलं, आणि जरा अभिमानानंच सांगितलं. मोहल्ल्यातल्या जाळ्यांचा आकडासुद्धा सांगितला. आधी दोनदा पोट पडल्याचं मी सांगितलं. डॉक्टर आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला.

"शिसं विष असतं. तोंडातून जातं, धुरातून जातं, रक्तात जातं, पोटातल्या मुलापर्यंत जातं. आधीची दोन त्यानंच गेली."

डोमा माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, बॅटरी तं मेलेली होती ना?"

 

चौथ्या दिवशी कुंताला झटके आले आणि ती गेली. मूल पोटातच गेलं. त्याच ट्रकमधून आम्ही तिला परत आणलं. डोमा मागच्या हौद्यात तिच्याजवळ बसला होता.

तेराव्यानंतर मी मोहल्ल्यात गेलो आणि सगळं सांगितलं. निदान तेवढं तरी केलं. लोकांनी जाळ्यांचं शिसं कापून काढलं, नदीपासून लांब खोल खड्डा खणला आणि त्याच्या कडेला ढीग रचला. डोमा तिथे बसला. एक तुकडा उचलून त्यानं डोळ्यांजवळ धरला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकावर खालीवर दोन बारीक खड्डे होते.

"हे तिचे दात हायेत," तो म्हणाला. "सारेच तिचे हायेत. कसे पुरू?"

 शेवटी ताराबाईनं त्याला हाताला धरून उठवलं आणि गड्यांनी माती लोटली. मोहल्ल्यातली बायामाणसं पुन्हा मातीचे मणी भाजू लागली. डोमा पुढच्या हंगामात कामावर आला. पाणी घालायचा, बुरशी खरवडायचा. पण मेलेल्या बॅटऱ्यांना त्यानं पुन्हा हात लावला नाही. त्या मीच नेऊन पुरत असे.

एक तुकडा त्यानं त्या दिवशी मुठीत लपवून नेला होता, हे मला पुढे नदीवर कळलं. त्याच्या जाळ्याला सगळे मणी मातीचे आहेत, शिशाचा एकच. जाळं फेकलं की ती कड आधी बुडते. डोमा तिकडे बघत राहतो, आणि पुष्कळदा जाळं ओढायचं विसरतो.