लेकीसाठी बंदुकीचा पट्टा

ये गं, अशी जवळ बस. एवढी जड बॅग आणि पट्टा दोरीसारखा! खांद्यावर वळ उठलाय बघ, काही कळतं की नाही तुला?

तुझे बाबा होते तेव्हा आम्ही इथे जर्मनीतच, गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गमबूट घ्यायला गेलो होतो. तिथे एक आजोबा बंदुकीचा पट्टा निवडत होते. बाहेर कडक ऊन, आणि यांच्या अंगात बायकी, जाड कोट, बाह्या कोपरापर्यंत! प्रत्येक पट्टा दुकानातल्या नमुन्याच्या लाकडी बंदुकीला लावायचा, खांद्यावर टाकून चालायचं, वाकायचं, कडी वाजते का ते ऐकायचं. शेवटी रुंद, न घसरणारा, चामड्याचा एक पसंत पडला.

दुकानदारीण हसली, "हरीणसुद्धा एवढे कान देत नाही!"

"देतं, देतं," आजोबा म्हणाले. "माझे गुडघे गेले. यंदा लेक एकटीच जंगलात जाणार. कोट तिचाच आहे. मी सोबत नसेन, निदान पट्टा तरी तिला काचू नये."

घरी आल्याआल्या बाबांनी तुला हॅम्बर्गला फोन लावला होता, जेवलीस का एवढंच विचारायला. तू चिडली होतीस.

आता विचारणारी मीच उरले गं. आता गेलीस की पुढच्या सुट्टीची वाट बघू नकोस, पुन्हा लवकर ये.