खोली एकाची

साहेबांच्या मित्राचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी साहेबांचे पाय चेपत बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. मित्र म्हणाले, "तुझ्या घोडीची नात पळतेय. पुढच्या रविवारी. येतोस का मरायच्या आत?"

"कुणाच्या मरायच्या? तुझ्या की माझ्या?" साहेब म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघतोस काय? लाग तयारीला."

ती घोडी साहेबांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर घेतली होती, आणि मी तिचा मोतद्दार होतो. तिला खरारा करायचा, तिचं चारापाणी बघायचं, रेस संपली की घाम निथळत असताना तिला फिरवायचं. सातवीत शाळा सोडून मी फलटणहून पुण्याच्या तबेल्यात आलो ते थेट तिच्याच हाताखाली. पुढे साहेब चंदीगडला स्थायिक झाले तेव्हा मलाही बरोबर घेऊन आले. इथं त्यांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली, तीही रेसच्या जुन्या पुस्तकांतून. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनीच करून दिलं. बाईसाहेब गेल्या, मुलगी परदेशात गेली, आणि आता घरात आम्ही दोघंच. साहेबांना कंपवात आहे. रात्री कूस बदलायची तरी मला हाक मारावी लागते. म्हणून मी त्यांच्या पलंगाशेजारी खाली गादी टाकतो.

डॉक्टर म्हणाले, "ले जाओ. अगले साल का मैं नहीं कह सकता."

मग मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळं लिहून काढलं. औषधं. नळीचा कप. दुर्बीण, कारण साहेबांनी ती पहिल्यांदा मागितली, औषधांच्याही आधी. चंदीगडजवळच्या झिरकपूरला विमान-तिकिटाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "दो सवारी, एक व्हीलचेअर, पक्का?" मी पक्का म्हणालो. विमानात जमिनीवर बसता येत नाही, त्यामुळे तिथं माझी मोजणी आपोआप झाली.

खोलीचं काम अवघड निघालं. रेसकोर्सजवळ हवी, तळमजल्यावर हवी, संडासात धरायला दांडा हवा. गणपतीचे दिवस, सगळं पुणं भरलेलं. एका ठिकाणी विचारलं, "लिफ्ट आहे का?" तर म्हणे, "आहे की. अकरा पायऱ्या चढल्या की लगेच लिफ्ट." पाचव्या की सहाव्या फोनला एक बाई भेटल्या. तळमजला होता, दांडाही होता. त्यांनी विचारलं, "माणसं किती?"

मी म्हणालो, "एक."

मला काही खोटं बोलायचं नव्हतं. माणसं किती म्हटल्यावर डोळ्यांसमोर साहेब आले, बस. मी कुठं माणसांत मोजण्यासारखा होतो? मी तर त्यांच्याबरोबर असतोच.

गुरुवारी त्या बाईंचा फोन आला. किती वाजता येणार, आधार कार्ड पाठवा. मी दोन पाठवली. लगेच परत फोन. "हे दुसरं कुणाचं?"

"माझं. मी त्यांच्यासोबत असतो."

"दादा, ती खोली एकाचीच आहे. एकच पलंग मावतो तिथं."

"मी खाली झोपतो ना, ताई. दारात झोपतो. जेवण नको, चादर नको."

"तसं नाही चालत हो. नोंद करावी लागते, पोलिसांना कळवावं लागतं. तुम्ही आधी सांगितलं असतं तर मागची मोठी खोली दिली असती. ती कालच गेली."

मी विनवणी केली. साहेब आजारी आहेत, एकटे झोपू शकत नाहीत. त्या वाईट नव्हत्या, पण म्हणाल्या, "मग आजारी माणसासाठी तुम्ही एकाचीच खोली कशी काय घेतलीत?" दुपारभर दुसरीकडे फोन लावत राहिलो. साहेबांच्या त्या मित्रांच्या घराचाही विचार केला, पण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिना अरुंद. संध्याकाळी दुधाचा कप घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू स्वतःला सामानात धरलंस?"

मी कपातली नळी नीट करू लागलो.

"वजन किती लावलंस मग? पंधरा किलोच्या आत बसतोस का?"

रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "साहेब, मी अजून बघतो." ते म्हणाले, "बघ." पण त्यांनी दुर्बीण मांडीवरून उचलून खिडकीत ठेवली.

मला एकच आशा होती, आणि तिची लाज वाटते. रविवारी कोण पळणार ते शुक्रवारी पक्कं होतं. कधी घोड्याचा पाय दुखतो, कधी मालकाचं मन बदलतं, आणि नाव निघतं. तिचं नाव निघावं, असं मी शुक्रवारी देवाजवळ मागितलं. जिच्या आजीला मी हातानं गाजरं भरवली, तिच्यासाठी असं मागितलं. संध्याकाळी मित्रांचा मेसेज आला. सात नंबर. पळणार.

खोली काही मिळाली नाही, आणि शनिवारी सकाळी आमच्या तिकिटाचं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. रोज जातं ते, पण त्या दिवशी आम्ही दोघांनीही वर बघितलं नाही.

रविवारी रेस मोबाइलवर दाखवतात म्हणून मी तासभर खटपट केली. ते सारखं पासवर्ड मागत होतं, आणि मला काही ते जमलं नाही. रेसच्या वेळी आत फोन वापरायचा नाही असा नियम आहे म्हणे, त्यामुळे मित्रही सांगू शकणार नव्हते. मग आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. साहेबांनी दुर्बीण मागितली आणि मांडीवर धरली.

"आता आणली असेल गेटवर," ते म्हणाले. "आजीसारखी असेल तर आत जायला कटकट करेल."

"शेपटीला हात लावू द्यायची नाही ती, साहेब."

"सुटले," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. दीड मिनिट फक्त दुर्बीण त्यांच्या पँटच्या बटणावर टकटक वाजत होती. पुढचा अर्धा तास तर काहीच कळलं नाही. ती जिंकली होती, पडली होती, काहीही झालेलं असू शकत होतं, आणि आम्ही इथं चंदीगडमध्ये चहा गार करत बसलो होतो.

शेवटी फोन वाजला. "चौथी," मित्र म्हणाले. "शेवटी दम कमी पडला. पण दिसते कशी, यार! तीच मान!"

मी फोन ठेवला. साहेब म्हणाले, "तुझ्यामुळे नाही हरली ती. मी असतो तरी चौथीच आली असती."

"हो साहेब."

"पण पाहिली असती रे."

मी कप उचलायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे ते. पुढच्या महिन्यात परत लावणार आहेत तिला. त्या तळमजल्याच्या बाईंना फोन लाव. आता, माझ्यासमोर."

मी लावला. बाईंनी आवाज ओळखला. तारीख विचारली, मोठी खोली आहे म्हणाल्या, आणि मग तेच विचारलं. माणसं किती?

समोर साहेबांनी दोन बोटं वर केली होती. ती इतकी थरथरत होती की नक्की किती ते नवख्याला कळलं नसतं. ती घोडी तोवर धड राहील का, पळेल का, आणि साहेबांना तोवर व्हीलचेअरवर बसता येईल का, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं.

"दोन," मी म्हणालो.