नानांचा लायटनिंग कॉल

भूतंखेतं, आत्मेबित्मे... मी कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. धरणगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो मी — आवाज तारेतून जातो, एवढंच मला ठाऊक. तरी लिहितोय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

माझे काका, नाना, कोकणातल्या एका दीपगृहावर इंजिनिअर होते. आमच्या खान्देशात समुद्र कुठला! पण त्यांची उभी हयात तिथल्या भिंगांत आणि जनरेटरच्या तेलात गेली. निवृत्त होऊन गावी आले ते दोन ट्रंका भरून पोस्टाची तिकिटं घेऊन. देशोदेशीच्या दीपगृहांच्या तिकिटांचा तर वेगळा अल्बम.

१९८८चा मे. रविवार, दुपारचे चार. ताटलीतल्या पाण्यात लिफाफ्यांचे कोपरे भिजत होते. नाना चिमट्याने तिकिटं सोडवत होते, मी टिपकागदावर वाळत घालत होतो. एकदम त्यांचा हात थांबला.

"कदम जिन्यावर पडेल शे," ते म्हणाले. पडलाय म्हणजे, आमच्या अहिराणीत. "वरून दुसऱ्या वळणावर."

कदम म्हणजे दीपगृहावरचे त्यांचे जुने सहायक. चांगले पन्नाशीचे, अजून तिथंच नोकरीला.

"नाना, ऊन लागलं का तुम्हाला?"

"माले काही नही व्हयेल. तू फोन लाव!"

आवाजात घाबरणं नव्हतं, हुकूम होता. त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन एक्स्चेंज गाठलं आणि लायटनिंग कॉल लावला — सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल. पलीकडे कदमांच्या पत्नी. मी हेडफोनवर ऐकत होतो.

"साहेब, सगळं ठीक आहे. हे वर काचा पुसायला गेलेत."

"वहिनी, कुणाला तरी वर पाठवा. मी फोन धरून थांबतो."

सात-आठ मिनिटं नुसती खरखर... आणि मग रडारड. कदम दुसऱ्या वळणावरच सापडले. पाय मोडलेला, डोकं फुटलेलं, रक्त थांबत नव्हतं. अजून तासभर गेला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर कदम काठी टेकत धरणगावला आले. वाकता येत नव्हतं तरी नानांच्या पाया पडले. मी म्हटलं, "नानांना कळलं कसं, देव जाणे."

"कळलं कसं म्हणजे? साहेब आले होते ना! माझं डोकं मांडीवर घेऊन जिन्यात बसले होते. 'हलू नकोस कदम, माणसं येताहेत' म्हणाले."

"अहो, नाना त्या दुपारी इथं होते. माझ्यासमोर."

कदमांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, मी शुद्धीत होतो."

मी नानांकडे वळलो. ते म्हणाले, "कदम, चहा निवतोय."

पुढं कितीदा तरी विचारलं. "मला तरी काय माहीत?" एवढंच उत्तर मिळायचं. नाना आता नाहीत.

त्या दुपारी नाना माझ्या नजरेआड झाले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. कदम खोटं बोलणारा माणूस नव्हता, हेही शपथेवर सांगेन. दोन्ही एकत्र कसं बसवायचं... ते मात्र मला आजतागायत जमलेलं नाही.