आईचा हात कोणाच्या हातात होता

दर वर्षी आईच्या स्मृतिदिनी मी इथे लिहितो की ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तुम्ही वाचून हळहळता. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

दुपारी वाडीला वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी माझ्याकडून नेलेली कादंबरी परत केली. तिच्यात आजारी बायकोची आपण कशी सेवा केली, ते नवरा सांगत जातो. शेवटी कळतं, तो तर तिला आधीच सोडून गेला होता.

"मी त्याच्यासाठी दोनदा रडली, भाऊजी. मले फसवल्यासारखं वाटून राहिलं," वहिनी म्हणाल्या.

मी मराठीचा मास्तर. सांगणाऱ्यावर सगळाच विश्वास ठेवायचा नसतो, लेखकाने ते मुद्दाम केलंय, असं समजावत बसलो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आईंचा हात माझ्या हातात होता. तुम्ही दवाखान्यात खाली औषध आणायले गेले होते."

"मला तर माझ्याच हातात आठवतो, वहिनी."

"माहीत आहे मले. म्हणून तर इतके वर्ष बोलली नाही."

चहा पिऊन निघालो. वाटेत पुन्हा आठवून पाहिलं. अजूनही तो हात माझ्याच हातात दिसतो, आणि वहिनी खोटं बोलत नाहीत हेही मला माहीत आहे.

फार थकायला झालंय. तुमची अशी एखादी आठवण कोणी दुरुस्त केली, तर पुढे ती तुम्ही कशी सांगता?