छ्याकाकांची झाळ

सायकलच्या फ्रेमला गेलेला तडा मी एकदा नेलपॉलिशने बुजवला होता. सूनबाई म्हणते, आई, हे लिहू नका, नातवंडं वाचतील. वाचू देत की. आजी जन्मतःच शहाणी नव्हती हे त्यांनाही कळू दे. नेलपॉलिश गुलाबी होतं, म्हसा गावच्या जत्रेतलं. पहिला हात सुकल्यावर मी दुसरा दिला आणि वरून फुंकर मारली. मूर्खपणातसुद्धा मी नीटनेटकी होते.

त्यामागे कारण होतं. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या आमच्या गावातून मी डोंगरातल्या एका पाड्यावर बालवाडी घ्यायला जायची. तिकडे एसटी नव्हती आणि चालत गेलं तर परतायला अंधार व्हायचा. सायकल होती म्हणून नोकरी होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकदा जरी पडलीस तरी सायकल माळ्यावर आन् तू चुलीपुढं." मी पडले ती पाड्याच्या उतारावर, दगडावर. गुडघा लुगड्याखाली झाकला. हँडलखाली जिथे फ्रेमची जाड नळी हँडलच्या मानेत शिरते तिथे केसाएवढी रेघ उमटली होती, तिच्यावर गुलाबी रंग चढवला. मग रोज त्याच सायकलवरून तोच उतार उतरत राहिले, देवाचं नाव घेत. देवाला तेवढंच काम असावं अशी माझी समजूत होती.

रेघ रुंद झाली आणि हँडल कुरकुरायला लागलं तेव्हा अक्कल आली. माहेरी निघाले असं सांगून मी सायकल जीपच्या टपावर टाकली आणि मुरबाड गाठलं. तिथे छ्याकाका होते.

स्टँडमागे त्यांचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, गॅसची नळकांडी आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाइकाने बसायचं नाही. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी गंजून गेली होती आणि ती रंगवायला आलेल्या पेंटरकडे बघूनही ते ‘छ्या’ म्हणाले होते. सायकल समोर आली की आधी छ्या, मग मालकाकडे बघून पुन्हा छ्या. दुसरा छ्या जास्त लांब असे. सायकल कधी मिळेल असं विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं, "मुरबाडला रेल्वे येईल त्या दिवशी ये." रेल्वे अजून आलेली नाही, सायकल मात्र संध्याकाळपर्यंत मिळायची.

आणखी एक गोष्ट सांगते, जी गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. या माणसाला सायकल चालवता येत नव्हती. तालुक्यातल्या निम्म्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः कधी पायडलवर पाय ठेवला नाही. चालवून बघा म्हटलं की म्हणायचे, "छ्या. धोबी काय लोकांची कापडं घालून बघतो?"

तर माझी सायकल. त्यांनी गुलाबी डाग बघितला, नखाने खरवडला, वास घेतला.

"काय गो, ही सायकल हाय का नवरी? हिला लाली कोणी लावली?"

"काका, हळू बोला."

"का? तिला ऐकू जातं?" लगेच त्यांनी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. "ये रे, बघ ये. बालवाडीची बाई हाय ही, पोरांना शिकवते. आधी हिला कोणीतरी बालवाडीत घाला."

चहावाला आला. त्याच्यामागून चहा पिणारेही आले. काकांनी कानस फिरवून रंग उडवला. आत तडा अर्ध्या नळीला वळसा घालून गेला होता. "अजून एक उतार, आन् चाक पुढं गेलं असतं, तू मागं. मग चाकानंच घेतली असती बालवाडी."

सगळे हसले. हसणाऱ्यांच्या मागे कोणीतरी ओळखीचं खाकरलं, म्हणून मी वळून पाहिलं. बाजाराचा दिवस होता हे ही शहाणी विसरली होती. सुक्या मासळीची पिशवी घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

"पडलीस ना," त्या म्हणाल्या. "चल घरी. ही जाते माळ्यावर."

डोळ्यांसमोर पाड्यावरची पोरं आली, उताराच्या तळाशी माझी वाट बघत बसलेली. मला वाटलं, काका आता तरी माणसासारखं बोलतील, माझी बाजू घेतील. छ्या. त्यांनी स्वतःचीच बाजू घेतली.

"वयनी, माळ्यावर टाकायची असंल तर आताच उचला. माझं काम उंदरांनी बघायचं काय? हिला पितळेची झाळ देणार मी. ती रस्त्यावर फिरायला पायजे, चार लोकांनी बघायला पायजे."

"आन् तुटली म्हंजे?"

"तुटली तर मला शिव्या द्या. हितं स्टँडवर उभ्या राहून द्या."

सासूबाईंचा चेहरा खुलला. शिव्या देण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि स्टँडसारखी जागा मिळणं म्हणजे मानच. सौदा जमला. पुढची सगळी वर्षं त्या माझ्या सायकलकडे आशेने बघत राहिल्या. ती संधी त्यांना मिळाली नाही, मनात सल ठेवूनच गेल्या बिचाऱ्या.

काकांनी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा तिथेच थांबतो. टाकणखाराची पूड लावली, नळी लाल केली आणि पितळेची कांडी टेकवली. पितळ पाण्यासारखं धावत तड्यात शिरलं. बाहेर एक ओबडधोबड पिवळं कडं उरलं. मी म्हटलं, यावर रंग लावून द्या.

"छ्या. रंग लावल्यावर तडा परत आला तर कळंल कसा? आन् माझं पितळ कोणाला दिसंल?" दुसरं कारण त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं.

त्यानंतर मुरबाडला गेले की दुकानापुढे थांबायचं हा नेम झाला. ते त्या कड्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "हा पावसाळा काय काढत नाय." दरवर्षी हेच. मोबाईल आले तेव्हा म्हणाले, दोन दिवसांचं खूळ हाय. आता त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकलेली असतात. भविष्य सांगण्यात हा माणूस इतका कच्चा होता, की त्यांनी तुटेल म्हटलं की मी निर्धास्त व्हायची.

दुकान गेल्यावर काकांचा मुलगा त्यांना शहापूरला न्यायला आला. मुलगा सामान घेऊन पुढे गेला होता आणि काका काठी टेकत स्टँडकडे निघाले होते. मी सायकलवरच होते, तीच सायकल. म्हटलं, काका, बसा कॅरियरवर.

"छ्या."

"घाबरता काय?"

बसले. माझे गुडघे वाजत होते, ते सीटच्या स्प्रिंगा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि पेठेतली माणसं थांबून बघत होती. सबंध वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच गप्प केलं होतं, म्हणून मी मुद्दाम लांबच्या वाटेने नेलं. ती आमची शेवटची भेट. नंतर शहापूरहून बातमीच आली.

स्टँडवर मी त्यांना उतरवलं. त्यांनी काठी सावरली, वाकून त्या पिवळ्या कड्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "छ्या. एवढी हळू चालवतेस व्हय गो? उगाच पितळ घातलं मी. तुझी ती नखाची लालीच पुरली असती."